मुहूर्त २.०

२६ ऑक्टोबर २००१, दसरा

आजपासून रोजनिशी. डायरी एका औषध कंपनीची आहे, १९९९ ची. वार जुळत नाहीत, पण कागद झकास. वार खोडून लिहीन.

लिहिण्याचं कारण: पुढेमागे कोणी विचारलंच की नाशकात सॉफ्टवेअर कसं सुरू झालं, तर कागदोपत्री पुरावा असावा.

सातपूरच्या फॅक्टरीतली नोकरी सोडली त्याला पाच महिने झाले. आज पहिली मोठी ऑर्डर. गंगापूर रोडचं सुमुहूर्त मंगल कार्यालय. मालक भाऊसाहेब म्हणाले, लग्नांचं बुकिंग कम्प्युटरवर टाकून बघू, जमलं तर जमलं. मी म्हटलं, भाऊसाहेब, सॉफ्टवेअरमध्ये 'जमलं तर' हा शब्दच नसतो. (असतो. त्यावरच सगळं चालतं. पण ते त्यांना कशाला सांगा.)

नाव ठरवलं: मुहूर्त १.०. दिवाळीच्या पाडव्याला बसवायचं.

२८ ऑक्टोबर, रविवार

चांदवडला सुपारी फुटली. माझी आणि संध्याची. लग्न १७ फेब्रुवारीला, वसंत पंचमी.

संध्या देवळाली कॅम्पला एका शाळेत गणित शिकवते. तिचे वडील आप्पा, कांद्यातलं मोठं नाव. ते म्हणाले, लग्नाची जागा बघणं मुलीकडच्यांचं काम, तुम्ही निवांत राहा. मी म्हटलं, छे छे, कार्यालयाचं माझ्यावर सोडा. आख्ख्या नाशकात त्या तिथीला हॉल मिळणार नाही, पण सुमुहूर्तची सिस्टीमच माझ्या हातात आहे. आप्पा म्हणाले, बरं. मग पुन्हा एकदा म्हणाले, बरं बरं.

नोकरी सोडलेल्या जावयाबद्दल त्यांच्या मनात जरा शंका होती, ती आज गेली असणार. संध्या नुसती बघत होती. कौतुकाने.

१६ नोव्हेंबर, पाडवा

मुहूर्त १.० बसलं. ऐतिहासिक दिवस.

बुकिंगच्या टेबलावर वत्सलाबाई असतात. बावीस वर्षं लाल कापडी बांधणीचं एकच रजिस्टर सांभाळतायत. स्वभाव प्रेमळ, पण कम्प्युटरकडे बघताना पाहुण्यांच्या व्रात्य पोराकडे बघावं तसं बघतात. त्यांनी मॉनिटरला हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं, अक्षता टाकल्या. तीन दाणे फ्लॉपीच्या फटीत गेले. चिमट्याने दोन निघाले. तिसरा आत आहे. शुभ असतं म्हणाल्या.

पहिली नोंद कोणाची, तर माझ्याच लग्नाची. १७ फेब्रुवारी. बुकिंगही झालं आणि टेस्टिंगही झालं, एका दगडात दोन पक्षी. वत्सलाबाईंनी विचारलं, वहीतही लिहून ठेवू का, असू द्यावं. मी स्पष्ट नाही म्हटलं. ज्याने सिस्टीम बनवली त्यानेच वहीत नाव घातलं तर लोकांचा विश्वास कसा बसायचा? भाऊसाहेबांनी बाकीच्यांची नावं दोन्हीकडे लिहायला सांगितलीत. मागास विचार. हळूहळू बदलतील.

१९ नोव्हेंबर

दिवसभर कसून टेस्टिंग. खोट्या नोंदी हव्यात म्हणून आईने दिलेल्या भाजीच्या यादीवरून लग्नं लावली. चि. दोडका आणि चि. सौ. कां. गवार. चि. मुळा आणि चि. सौ. कां. मेथी. एकूण त्रेचाळीस. एकही तारीख दोनदा गेली नाही. १७ तारखेला वांग्याचं लग्न घालून बघितलं तर सिस्टीमने ठणकावून नकार दिला. ऊर भरून आला.

भाजी आणायची राहिली. आई बोलली.

संकल्प: टेस्टच्या नोंदी उद्या काढायच्या.

२६ नोव्हेंबर

आज सिक्युरिटी.

वत्सलाबाईंनी पासवर्ड ठेवला होता 'गणपती'. मी पहिल्या झटक्यात ओळखला. त्यांना समजावलं, बाई, पासवर्ड म्हणजे अशी गोष्ट जी तुम्ही जन्मात कोणाला सांगणार नाही. त्या जरा लाजल्या आणि म्हणाल्या, एकतीस वर्षांत मी आमच्या ह्यांचं नाव तोंडाने घेतलेलं नाही. चालेल का?

चालेल का? अहो, पळेल. मोठमोठ्या कंपन्या सिक्युरिटीवर डोकी फोडतायत आणि इथे आपल्या संस्कृतीत तयार इलाज पडलाय. पोलिसांनी विचारलं तरी ही बाई सांगणार नाही. त्यांचे मिस्टर पूर्वी प्रेसमध्ये होते, सगळे त्यांना नाना म्हणतात, खरं नाव ऑफिसात कोणालाच माहीत नाही. मलाही नाही. मी तोंड फिरवून उभा राहिलो, त्यांनी टाइप केलं.

या पद्धतीवर एक लेख लिहायला हवा. इंग्रजीत.

टेस्टच्या नोंदी अजून आहेत. उद्या.

३ डिसेंबर

लेख तूर्त थांबवला.

वत्सलाबाई भाचीच्या डोहाळजेवणाला दिंडोरीला गेल्या होत्या. इकडे लाइट गेली आणि आली, कम्प्युटर परत चालू केला तर पासवर्ड मागतोय. समोर पार्टी बसलेली. भाऊसाहेबांनी दिंडोरीला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. बाई म्हणाल्या, नाव कसं घेऊ, असं फोनवर. भाऊसाहेब म्हणाले, बाई, अडलंय हो. बाई म्हणाल्या, मग उखाण्यातच घ्यावं लागेल. तिकडे डोहाळजेवणाच्या बायका जमलेल्या, त्यांनी आग्रहच धरला. इकडे हॉलमध्ये एक साखरपुडा चालला होता, त्यातल्या बायकाही उखाणा म्हटल्यावर दाराशी आल्या. आणि दोन्ही गावांच्या साक्षीने बाईंनी म्हटलं:

द्राक्षाच्या बागेत वेलींची दाटी,
रंगनाथरावांचं नाव घेते कम्प्युटर उघडण्यासाठी.

टाळ्या. परत एकदा, परत एकदा. बाईंनी परत एकदा घेतला. आता किमान दीडशे लोकांना पासवर्ड माहीत आहे, आणि यमकासकट असल्यामुळे कोणी विसरणारही नाही.

तोडगा: नवा पासवर्ड, किमान पंधरा अक्षरं, त्यात दोन आकडे, दर सोमवारी बदलायचा.

१० डिसेंबर

वत्सलाबाईंनी पंधरा अक्षरी पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलाय. दुधाच्या हिशेबाशेजारी. मी विचारलं तर म्हणाल्या, दर सोमवारी बदलायचा आहे ना, मग सोमवारच्या चौकोनातच लिहिते, शोधायला सोपं.

मोठ्या प्रोजेक्टमध्ये माणूस हाच कच्चा दुवा असतो.

२४ डिसेंबर

आईने लग्नपत्रिकांचं विचारलं. मी सांगितलं, बाहेर छापायच्या नाहीत, मी स्वतः डिझाइन करणार, कम्प्युटरवर. आई म्हणाली, कर हो बाबा.

कर हो बाबा म्हणण्याची तिची एक विशिष्ट पद्धत आहे. दुर्लक्ष केलं.

४ जानेवारी २००२

भाऊसाहेब चिडले. कोणी मोठी असामी चौकशीला आली होती. त्यांनी स्क्रीनवर वाचलं, ११ मे, चि. दोडका. त्यांनी विचारलं हे कोणाकडले, आणि वत्सलाबाईंना हसू आवरेना. पार्टी उठून दुसऱ्या कार्यालयात गेली.

मी भाऊसाहेबांना सांगितलं, हा दोष नव्हे, आता अपग्रेडची वेळ झालीय. मुहूर्त २.० येतंय. ते म्हणाले, पहिलंच अजून धड झालं नाही. मी म्हटलं, म्हणूनच दोन.

८ जानेवारी

मुहूर्त २.० बसलं. सकाळी गेलो, दुपारच्या चहापर्यंत काम फत्ते.

सर्वात महत्त्वाचं म्हणजे साफसफाई. चव्वेचाळीस नोंदी एकेक करून कोण काढत बसणार? मी प्रोग्रामर आहे. एका ओळीचं फर्मान: दिनेश या माझ्या नावाने लॉगिन करून घातलेली प्रत्येक नोंद उडवा. कारण टेस्ट करणारा मी एकटाच. खऱ्या सगळ्या वत्सलाबाईंनी घातलेल्या. एंटर दाबलं आणि गेल्या. भेंडी नाही, मुळा नाही. असं हलकं वाटलं.

शिवाय या व्हर्जनमध्ये ऑटोमॅटिक बॅकअप आहे. साफसफाई झाल्या झाल्या त्याने आपण होऊन फ्लॉपीवर बॅकअप घेतला, जुना पुसून त्यावर नवा. जागा वाचली. अक्षतेचा दाणा आड आला नाही.

एक मन म्हणत होतं की भाज्या त्रेचाळीस होत्या. मोजण्यात चूक झाली असेल.

१२ जानेवारी

भाऊसाहेब पहिल्यांदाच खूश. देवळाली कॅम्पचे एक रिटायर्ड सुभेदार मुलीच्या लग्नासाठी महिनाभर हॉल शोधत होते. ऐन सीझनची कुठलीशी तारीख, सगळीकडे नकार. वत्सलाबाईंनी कम्प्युटरवर बघितलं तर मोकळी. वहीतही मोकळी. चार सेकंदांत बुकिंग. सुभेदारांनी पेढे वाटले, माझ्यासाठी दोन ठेवले होते.

याला म्हणतात सिस्टीम. कोणीतरी रद्द केलं असणार. बिचारा.

तारीख कोणती ते विचारायचं राहिलं. पेढा खात होतो.

१४ जानेवारी, संक्रांत

संध्याला तिळगूळ द्यायला देवळालीला गेलो. तिला २.० बद्दल सगळं सांगितलं, फ्लॉपीपासून बॅकअपपर्यंत. तिने एकच विचारलं, तुम्ही घातलेल्या चव्वेचाळीस नोंदींपैकी एक आपली नव्हती ना? मी हसलो. म्हटलं, आपली नोंद टेस्ट नाही, खरी आहे. सिस्टीमला तेवढं कळतं.

गणिताच्या लोकांना कम्प्युटर समजावणं अवघड असतं.

२४ जानेवारी

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

पत्रिकेचं प्रूफ घेऊन कार्यालयात गेलो होतो. गणपतीची सोंड नीट येत नव्हती म्हणून एवढा उशीर. पहिला मान भाऊसाहेबांचा म्हणून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग वत्सलाबाईंना हाक मारून रजिस्टर मागवलं. १७ फेब्रुवारी: सुभेदारांची कन्या चि. सौ. कां. तेजस्विनी. कम्प्युटर उघडला. १७ फेब्रुवारी: चि. सौ. कां. तेजस्विनी.

वत्सलाबाई हळूच म्हणाल्या, मी विचारलं होतं हो तुम्हाला, वहीत लिहू का म्हणून.

चोवीस दिवस राहिलेत.

२५ जानेवारी

रात्री नीट झोप नाही, पण सकाळी डोकं साफ झालं. हा घातपात आहे.

दीडशे लोकांसमोर पासवर्ड फुटला होता. नवा पासवर्ड कॅलेंडरवर. कोणीही आत शिरू शकतो. माझ्यावर जळणारे नाशकात कमी नाहीत (नावं आत्ता आठवत नाहीत). भाऊसाहेबांना सांगितलं, ही हॅकिंगची केस आहे. त्यांनी विचारलं, हॅकरने वांग्या-दोडक्याची लग्नं आणि तुमचं, एवढंच का मोडलं? मी म्हटलं, हाच तर त्याचा धूर्तपणा.

२८ जानेवारी

तपास पूर्ण. कोणी, कधी, काय उडवलं याची सिस्टीम आपोआप नोंद ठेवते. ती सोय मीच घातलीय. उघडली. ८ जानेवारी, सकाळी ११:४२, चव्वेचाळीस नोंदी, युजर: दिनेश.

म्हणजे हॅकरला माझाही पासवर्ड माहीत होता.

माझा पासवर्ड फक्त मला माहीत आहे.

संध्याकाळी

मान्य. पण एकदा मान्य केलं की पुढचा मार्ग दिसतो. बॅकअपवरून परत आणू.

थोड्या वेळाने

बॅकअपही ८ जानेवारीचाच आहे. ११:४३ चा. अगदी ताजा.

३० जानेवारी

नाशकातली अकरा कार्यालयं पालथी घातली. वसंत पंचमी म्हटल्यावर लोक हसतात. एकाने सांगितलं, २०१२ ची घ्या, आत्ताच सांगून ठेवा.

सुभेदारांना गाठायला देवळालीला गेलो. संध्याची शाळा त्याच रस्त्यावर, म्हणून मागच्या गल्लीने, मान खाली घालून. सुभेदारांना हात जोडून म्हटलं, तुम्ही सकाळचा मुहूर्त घ्या, आम्ही गोरज घेतो, एकाच दिवसात दोन लग्नं बसतील. ते म्हणाले, बेटा, माणूस तू चांगला दिसतोस, पण मी सव्वीस वर्षं तोफखान्यात काढली, घेतलेली पोझिशन सोडत नसतो. आमचं वऱ्हाड रात्रीच्या जेवणापर्यंत थांबणार आहे. आणि मग म्हणाले, तू पण ये जेवायला.

मी बरं म्हटलं. सवयीने.

१ फेब्रुवारी

आईला अजून सांगितलेलं नाही. ती पापड वाळवतेय, गाणं गुणगुणतेय. तिच्याकडे बघवत नाही. आप्पांना काय तोंड दाखवू? संध्या मला आवडते, हे इथे आधी कधी लिहिलं नाही. आवडते म्हणजे खूपच. आप्पांनी हे लग्नच मोडलं तर त्यांचं चूक म्हणता येणार नाही. जो माणूस स्वतःच्या लग्नाची नोंद सांभाळू शकत नाही, त्याला मुलगी कोण देईल. मी तरी दिली नसती.

संकल्प: रविवारी चांदवडला जाऊन समक्ष सांगायचं. हॅकरचं नाव काढायचं नाही.

३ फेब्रुवारी, रविवार

सकाळची एसटी. रस्ताभर वाक्य पाठ केलं: आप्पा, एक तांत्रिक अडचण उद्भवली आहे.

घरी पोचलो तर संध्या सुट्टी म्हणून आलेली. आप्पा ओट्यावर बसलेले. पाठ केलेलं वाक्य गेलं कुठल्या कुठे. म्हटलं, आप्पा, कार्यालय गेलं. माझ्याच हाताने गेलं. आणि डोळ्यांत पाणी आलं, ते लपवता आलं नाही.

आप्पांनी आतल्या बाजूला चहा टाकायला सांगितला. मग मला म्हणाले, जावईबापू, यवढं लय मनाला नाय लावून घ्यायचं. चला, तुम्हाला दाखवतो. घरामागे नेलं. तिथे कांद्याचं खळं, दोनेकशे फूट लांब, झाडून सारवून लख्ख केलेलं. कडेला मांडवाच्या बल्ल्या रचलेल्या. ताडपत्र्यांची चळत. आचाऱ्याने चुली कुठे मांडायच्या त्याच्या खुणाही करून ठेवलेल्या. मी विचारलं, हे कशाचं? आप्पा म्हणाले, कशाचं म्हणजे, तुमच्याच लग्नाचं हे.

संध्याने आतून पत्रिका आणून दिली. छापील, गुलाबी, गणपतीची सोंड एकदम बरोबर. विवाहस्थळ: वधूपित्याचे राहते घर, चांदवड. शेजारीपाजारी केव्हाच वाटून झाल्या होत्या. नाशिकच्या दीडशे माझ्या आईने महिन्यापूर्वी मागवून घेतल्या, आमच्या नातेवाइकांकडे पोचल्यासुद्धा. त्यातली पहिली आमच्याच देव्हाऱ्यात गणपतीपुढे ठेवलीय म्हणे. मी रोज तिथेच उदबत्ती लावतो.

आधी रागच आला. संध्याला म्हटलं, मला कोणी एका शब्दाने सांगितलं नाही. ती म्हणाली, तुम्ही इतक्या हौसेने सांगत होतात, मोडवेना. तुमचं कार्यालय टिकलं असतं तर रिसेप्शन तिथे ठेवलं असतं. आप्पा तसं म्हणालेही होते. मी म्हटलं, टिकलं असतं तर म्हणजे काय? कौतुकाने बघताना ती कशी दिसते असं मला वाटायचं, तशीच बघत होती.

संध्याकाळी मला एसटी स्टँडवर सोडायला आली. तोवर रात्र रात्र जागून काढलेल्या दहा दिवसांचा शीण उतरला होता, खरं सांगायचं तर आनंदच झाला होता. जाता जाता मी सहज विचारलं, पत्रिका छापायला कधी दिल्या? माझा अंदाज होता की संक्रांतीला, तिळगूळ देताना मी २.० चं सांगितलं त्यानंतर. तेवढी शंका मी समजू शकतो.

ती म्हणाली, धनत्रयोदशीला.

मुहूर्त १.० पाडव्याला बसलं. धनत्रयोदशी त्याच्या चार दिवस आधी.

मी म्हटलं, पण तेव्हा तर सॉफ्टवेअर बसलंही नव्हतं, त्यात चूक व्हायला काही होतंच कुठे? ती म्हणाली, सॉफ्टवेअर नव्हतं, पण तुम्ही होतात ना. आणि मला लग्न तुमच्याशीच करायचं होतं, ते राहून जायला नको होतं. मग एसटी आली. तिने आत चढून माझ्यासाठी रुमाल टाकून जागा धरली, तिकिटाचे सुट्टे मोजून माझ्या हातात दिले आणि कंडक्टरला सांगितलं, ह्यांना नाशिकला उतरवा, आठवणीने.